न्यू जर्सी: शाळेचं मत नोव्हेंबरच्या गर्दीत हरवलंय का?

एडिसनकर_१९९६

नोव्हेंबरची मतपत्रिका घरी आली की मी ती खालून वर वाचतो. वरच्या ओळींवर महिनोन्‌महिने टीव्ही बोलत असतो. स्कूल बोर्डाची, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या निवडून दिलेल्या मंडळाची, नावं मात्र कुठल्यातरी कोपऱ्यात. ना पक्ष, ना चिन्ह. नावाशेजारी फार तर तीन शब्दांचं घोषवाक्य. आणि आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधला निम्म्याहून जास्त पैसा जातो तो याच लोकांच्या हातात. २०२४ मध्ये राज्यातलं सरासरी बिल दहा हजार डॉलरच्या वर गेलं.

जे २०१२ नंतर इथे आले त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. त्याआधी शाळेचं मतदान एप्रिलमध्ये वेगळं व्हायचं, आणि बोर्डाच्या सदस्यांबरोबर शाळेच्या बजेटवरही थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ करता यायचं. जानेवारी २०१२ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी नव्या कायद्यावर सही केली. जो स्कूल डिस्ट्रिक्ट (एका बोर्डाखालच्या शाळांचा विभाग) आपलं मतदान नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीला जोडेल, त्याला करवाढ दोन टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर बजेट मतदारांपुढे न्यायची गरज नाही. अशी सवलत कोण सोडेल? बहुतेक सगळे डिस्ट्रिक्ट पहिल्याच वर्षी नोव्हेंबरला गेले.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपल्याला गर्दी मिळाली, पण पैशावरचं मत गेलं. मतदान परत एप्रिलला न्यावं.

मिडलसेक्सची_आई

दादा, मला हे मुळीच पटत नाही. एप्रिलच्या मतदानाला कितीजण यायचे ते पण लिहा ना. साधारण शंभरातले पंधरा. कोण असायचे ते पंधरा? ज्यांचा पगार शाळेवर अवलंबून आहे ते, आणि ज्यांची मुलं केव्हाच शिकून गेली आणि आता टॅक्स कमी हवाय ते. सकाळी सहा चाळीसची ट्रेन पकडून मॅनहॅटनला जाणारी, संध्याकाळी आफ्टरकेअर बंद व्हायच्या आत धावत परतणारी माझ्यासारखी आई त्यात नसायची. एप्रिलमध्ये असं काही मतदान असतं, हे मला इथे आल्यावर पाच वर्षांनी कळलं.

आणि २०१० विसरलात? राज्याने शाळांची मदत ८२ कोटी डॉलरने कापली. शिक्षक पगारवाढ सोडत नसतील तिथलं बजेट पाडा, असं खुद्द गव्हर्नरांनी लोकांना सांगितलं. राज्यातली निम्म्याहून जास्त बजेटं पडली. असं १९७६ नंतर प्रथमच झालं. पडलेलं बजेट टाउनशिपकडे, म्हणजे गावच्या नगरपालिकेकडे जायचं आणि ते आणखी कात्री लावायचे. आमच्या शेजारच्या ताईंच्या मुलीचं ऑर्केस्ट्रा त्याच वर्षी बंद झालं.

टाउनशिपच्या बजेटवर मतदान होतं का? पोलिसांच्या पगारावर? मग मुलांच्याच पैशावर दरवर्षी हात वर करायला का लावायचं?

एडिसनकर_१९९६

ताई, २०१० चं मला चांगलं आठवतं. शाळेच्या जिममध्ये रांग लागली होती, एरवी चिटपाखरू नसायचं. मी ‘हो’ म्हटलं होतं. हरलो. तरी सांगतो, त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला शाळेचा खर्च कुठे जातो ते तोंडपाठ होतं. आज विचारा. दिवाळीत अकरा घरी फराळाला गेलो, सगळे नागरिक, सगळे सुशिक्षित. बोर्डावरचं एक तरी नाव सांगा म्हटलं, तर दोनच घरी उत्तर मिळालं.

मतदान_केंद्रावरचे_काका

मी बरीच वर्षं पोलवर्करचं काम करतोय, म्हणून लिहितो. वरच्या दोन-तीन जागांची बटणं झटक्यात दाबली जातात. मग शाळेच्या नावांपाशी लोक थबकतात. कुणी ‘हे कोण?’ म्हणून आम्हालाच विचारतं, आणि आम्ही एक अक्षर बोलू शकत नाही. कुणी कोरं सोडतं. कुणी आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून दाबतं. सॅम्पल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना, आधीच घरी टपालाने येतं, ते बहुधा जाहिरातींबरोबर रद्दीत जातं.

पण एप्रिल की नोव्हेंबर या वादात एक गोष्ट निसटतेय. सदस्याची मुदत तीन वर्षांची. २०२० मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी, राज्यात ७२ टक्के मतदान झालं. त्या वर्षी निवडून आलेल्यांच्या जागा पुन्हा आल्या २०२३ मध्ये. तेव्हा वर फक्त विधिमंडळ होतं आणि मतदान झालं २७ टक्के. म्हणजे त्याच डिस्ट्रिक्टमधली तीच खुर्ची, पण निवडणारं गाव निराळं! नोव्हेंबरची गर्दी आहे असं म्हणताना कुठला नोव्हेंबर ते आधी सांगावं लागेल.

आणखी एक. २०१७ मध्ये आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या बोर्डासाठी उभ्या असलेल्या दोन आशियाई वंशाच्या उमेदवारांच्या फोटोंवर ‘डिपोर्ट’ असा शिक्का मारलेली पत्रकं घरोघरी टपालाने आली. चिनी आणि भारतीय गाव बळकावताहेत, असा त्यांचा सूर. क्रिकेटची मैदानंसुद्धा खटकली होती त्यांना. ते दोन्ही उमेदवार निवडून आले. एप्रिलच्या पंधरा टक्क्यांत हेच घडलं असतं का, याची मला शंका आहे.

रांगेतला

दोन मुलं इथल्या शाळेत. घर इथे, टॅक्स इथे. ग्रीन कार्डच्या रांगेत तेरावं वर्ष. मला एप्रिलही नाही आणि नोव्हेंबरही नाही. बोर्डाच्या मीटिंगमध्ये माइकसमोर काही मिनिटं बोलता येतं, तेवढाच माझा हक्क.

आपल्याच राज्यातल्या नेवार्क शहराने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या मतदानाचा हक्क दिला, एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मत दिलं. आनंद आहे. पण तिथलं मतदान अजून एप्रिलमध्येच असतं आणि एकूण आकडा पाच टक्क्यांच्याही आत राहिला. एडिसनकर, तुमच्या एप्रिलचं हे उदाहरण समोरच आहे. ज्यांच्या हातात मत आहे त्यांनी ते असं वाया घालवलं की मला त्रास होतो.

सांगलीचा_मास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तुमचा वाद वाचून हेवा वाटला. आमच्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. ऐकायला फार छान. पण शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, वर्गखोल्यांचा मोठा पैसा, यातलं काहीच समितीच्या हातात नाही. ते ठरतं वर. आणि वर निवडून जाणारा सदस्य पक्षाच्या चिन्हावर जातो, त्याच्या प्रचारात शाळा येते ती रस्ता, पाणी, गटार झाल्यावर. त्यात बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होते. महिना कुठला हा प्रश्नच नव्हता, मतदानच नव्हतं.

एडिसनकर_१९९६

काकांचा तीन वर्षांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. नेवार्कचंही मान्य. एप्रिलचा हट्ट सोडतो. पण बजेटवरचं मत सोडत नाही. नोव्हेंबरच्या त्याच मतपत्रिकेवर बजेटचाही प्रश्न द्या. गर्दीही राहील आणि हक्कही.

मिडलसेक्सची_आई

दादा, शाळेचं आर्थिक वर्ष सुरू होतं १ जुलैला. नोव्हेंबरमध्ये मत घेणार कशावर? शिक्षक नेमलेले, बस ठरलेल्या, चार महिन्यांचा पैसा खर्च झालेला. आजही दोन टक्क्यांच्या वर जायचं असेल तर प्रश्न नोव्हेंबरमध्ये विचारतात, आणि ‘नाही’ आलं तर त्या जादा पैशावर बेतलेलं सगळं वर्षाच्या मध्यात गुंडाळावं लागतं. लहान मुलांना नोव्हेंबरात सांगायचं, की तुमची मदतनीस बाई उद्यापासून नाही?

बजेट घडतं वसंतात. त्याची जाहीर सुनावणी एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला होते. तिथे ‘रांगेतला’ही बोलू शकतो, नागरिकत्व कुणी विचारत नाही. मागच्या सुनावणीला मी गेले होते. सगळ्या सभागृहात आम्ही नऊजण होतो, त्यातले चार शाळेचेच कर्मचारी.

एडिसनकर_१९९६

नऊजण आले, कारण त्यांच्या ‘नाही’ने काही बदलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१० ला जिम भरलं होतं ते मत मोजलं जाणार होतं म्हणून. तारखेचा घोळ कायद्याने सोडवता येईल, आमदारांना तसं पत्र लिहितोय. तोवर यंदाच्या सुनावणीला मी येतो. तारीख लागली की इथे टाका.