अनुभव धागा : तुमच्या दारात पिलर उभा राहिला, मग काय झालं?

आमच्या घाटकोपरच्या घराबद्दल परवा नवरा म्हणाला, मेट्रो आली म्हणून भाव वाढला, आणि सासूबाई म्हणाल्या, मेट्रो आली म्हणून आपला वाणी गेला. दोघंही खरं बोलत होते, म्हणून हा धागा. उन्नत मार्ग घरासमोरून, दुकानासमोरून गेलाय अशांनी लिहा, किती मजल्यावर राहता, स्टेशनाचा जिना किती लांब, गाळ्याचं भाडं वाढलं की शटर पडलं. पेपरातलं नको, स्वतःचं लिहा.

चकलीची_भाजणी, अंधेरी पश्चिम

जे. पी. रोड, आझादनगर स्टेशनजवळ, दुसरा मजला. 2006 ला भूमिपूजन झालं तेव्हा मी कॉलेजात होते आणि 8 जून 2014 ला गाडी सुरू झाली तेव्हा माझा मुलगा बालवाडीत, म्हणजे हिशोब करा किती वर्षं खोदकाम बघितलं. पहिला महिना सरसकट 10 रुपये तिकीट होतं, त्यामुळे लोक पोराबाळांना घेऊन नुसते फिरायला यायचे आणि सगळे आमच्या स्वयंपाकघरात बघायचे, मी पोळी लाटतेय आणि समोरून एक छोटा मुलगा मला टाटा करतोय असं झालंय. तुळस दोन वर्षांत गेली, ऊनच नाही. खाली चपलांचं दुकान आहे तिथे भर दुपारी ट्यूबलाइट लागते.

पण गंमत पहिल्या मजल्याची झाली. आधी तिथलं ऑफिस कोणी घेत नव्हतं, आता डेंटिस्ट, क्लासवाले, केस उगवणारे सगळे तिथेच, आणि बोर्ड रस्त्याकडे तोंड करून नाहीत, वर गाडीच्या खिडकीच्या लेव्हलला! खालून चालणाऱ्याला क्लास कुठे आहे ते दिसतच नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये राहणारी माझी मैत्रीण तर म्हणते, घर विकायला काढलं तर जाहिरातीत "मेट्रोपासून दोन मिनिटं" लिहायचं आणि बघायला माणूस आला की हॉलच्या खिडक्या लावून घ्यायच्या.

चष्मेवाल्याचा_मुलगा, कोथरूड

आमचं दुकान नळस्टॉप आणि आयडियल कॉलनी यांच्या मधल्या पट्ट्यात, आणि "मधल्या" हाच शब्द महत्त्वाचा आहे. जिना उतरल्यावर जो पहिला वडापाववाला लागतो त्याची चांदी, आम्ही अर्धा किलोमीटर पुढे, आमच्या डोक्यावरून गाडी जाते आणि गिऱ्हाईक पण डोक्यावरून जातं. नळस्टॉपला तर खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो. बाबा म्हणायचे तीन मजली रस्ता झाला आणि आपल्या मजल्यावर कोणी थांबेना.

खरं नुकसान गाडी सुरू व्हायच्या आधी झालं. निळे पत्रे लागले, दुकानासमोर गाडी लावायला जागा उरली नाही, डिव्हायडरमधली फट बुजवली त्यामुळे समोरच्या सोसायटीतली माणसं, वीस वर्षांची गिऱ्हाइकं, लांबून वळसा घालून यायचं म्हणून यायचीच बंद झाली. चष्मा काय रोज लागतो का, एकदा दुसरीकडे केला की संपलं. त्यात लॉकडाऊन. एक दिवस पत्र्याला टेकवून ठेवलेला आमचा बोर्ड कामगारांनी उचलून कुठे टाकला ते आजतागायत कळलं नाही, साइटवर विचारलं तर सुपरवायझर म्हणाला साहेबांना विचारा, आणि साहेब कोण ते त्यालाही माहीत नव्हतं.

6 मार्च 2022 ला वनाझ ते गरवारे सुरू झाली तेव्हा काहीच फरक नाही, पाच किलोमीटरभरासाठी कोण चढणार. ऑगस्ट 2023 ला रुबी हॉलपर्यंत गेली तेव्हापासून नवीन चेहरे दिसायला लागले. पण तोवर शेजारच्या तीन गाळ्यांपैकी दोन बदलले होते. मूळ मालकांचे पैसे वाढले बरं का, भाडेकरूंनी दिवस काढले आणि करार संपल्यावर भाडं वाढवून मागितलं मालकानी.

लिंकरोड_ताई, कांदिवली पश्चिम

वरच्यांना अनुमोदन. मी भाड्याच्या घरांची कामं करते, मेट्रो 2अ च्या पट्ट्यात. एप्रिल 2022, गुढीपाडव्याला दहिसर ते डहाणूकरवाडी सुरू झाली तेव्हा मालक लोक लगेच भाडं वाढवून मागायला लागले, भाडेकरू हसायचे, कारण ऑफिस अंधेरीला आणि गाडी कांदिवलीत संपते. जानेवारी 2023 ला अंधेरीपर्यंत गेली आणि मग हसणं बंद. आता पहिला प्रश्न "स्टेशन चालत किती?" आणि दुसरा "ट्रॅक बेडरूमकडून आहे का?" घर बघायला आलेल्यांना मी स्वतःच सांगते, रविवारी दुपारी नका बघू, सकाळी नऊला या, खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटं बसा. दोन डील गेली त्यामुळे माझी, पण नंतर शिव्या तरी पडत नाहीत.

घोडबंदरचा_आशावादी, ठाणे

आम्ही घर घेतलं तेव्हा ब्रोशरवर मेट्रो होती, चित्रात बिल्डिंगच्या बाजूने गुळगुळीत गाडी आणि खाली झाडं. घर 2022 च्या मे मध्ये रजिस्टर केलं, एप्रिलपासूनच मुद्रांक शुल्कात 1 टक्का मेट्रो सेस परत लागू झालेला. म्हणजे तिकीट काढलंय, गाडीची वाट बघतोय 😀 सध्या आमच्याकडे पिलर आहेत, खड्डे आहेत आणि पिलरवर शुभेच्छांचे फ्लेक्स आहेत.

ऑरेंज_बर्फी, नागपूर

आमच्या इकडे वर्धा रोडवर छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल 2016 मध्ये पाडला, अन् त्याच रोडवर 3.14 किलोमीटरचा डबल डेकर बांधला, खाली रस्ता, वर पूल, त्याच्यावर मेट्रो. काकाचं टायरचं दुकान आहे तिथं. त्याचं म्हणणं असं की मेट्रोनं काही बिघडवलं नाही बाप्पा, बिघडवलं ते मधल्या पुलानं. आधी एअरपोर्टकडं जाणारी गाडी दुकानासमोरून जायची, हवा कमी वाटली की थांबायची. आता ती वरूनच निघून जाते. पंक्चर काय पुलावर थोडी काढणार हा? हां, उन्हाळ्यात मात्र खाली सावली भारी, मे महिन्यात आमचे सगळे पाणीपुरीवाले पुलाखाली.

वाऱ्याचं_शहर, शिकागो

इथे लूपमधली, म्हणजे शहराच्या मध्यभागातली, लोखंडी उन्नत रेल्वे 1897 पासून आहे. तिथला वॉबॅश रस्ता तिच्या खाली, गाडी आली की फोनवर "थांब थांब" म्हणावंच लागतं. आणि याच अंधाऱ्या रस्त्यावर शहरातली सराफांची ओळ आहे, अंगठी घ्यायला लोक तिथेच जातात. चष्मेवाले, सव्वाशे वर्षांनी काहीतरी होईल.

चष्मेवाल्याचा_मुलगा

@वाऱ्याचं_शहर, बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, तोपर्यंत नंबर वाढेल सगळ्यांचा. @चकलीची_भाजणी, पडद्यांचं काय केलंत मग?

चकलीची_भाजणी

दोन पडदे, बाहेरचा जाळीचा आतला जाड. आणि आई अजूनही बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या आधी गाडी गेली का बघते, गेली की चार मिनिटांत बादली रिकामी.