लाकडात खाचा मारायच्या राउटरला ६ मिमी ॲक्रिलिकची बेसप्लेट (तळाची प्लेट): खाच दर वेळी सरकते

मूळ काळी प्लेट कोपऱ्यात तडकली, म्हणून २०० मिमी चौकोनी ॲक्रिलिक कापून बसवलं. जुन्या प्लेटवरून भोकं मारली, एम४ (४ मिमी जाडीचे) काउंटरसंक, म्हणजे प्लेटच्या उतारात बुडणाऱ्या डोक्याचे स्क्रू लावले. आता पट्टीला टेकवून खाच मारली की एका बाजूने बरोबर येते, राउटर अर्धा फिरवला की १ मिमी सरकते. स्क्रू सैल करून प्लेट हलवतो, पण कसली की परत तिथेच!

— डोंबिवलीकर

---

मधलं भोक बाहेर गेलंय. व्ही-बिट (टोकदार, व्ही आकाराचं पातं) लावून हळूच खाली आणा, ते भोकाच्या कडेला सगळीकडून टेकलं की कसा.

— भुसा

---

मधलं भोक गाइड बुशसाठी (बिटभोवती बसणाऱ्या, साच्याला टेकणाऱ्या कड्यासाठी) महत्त्वाचं. पट्टीला टेकते ती कड, त्यामुळे इथे कडेचंच अंतर बघायचं. १ मिमी फरक म्हणजे प्लेट अर्धा मिमी बाजूला आहे.

परत तिथेच येते, कारण काउंटरसंकचं डोकं निमुळतं. कसताना ते प्लेटला ओढून भोकात बसवतं. पॅन हेड (खालून सपाट डोक्याचे) स्क्रू घ्या. भोक ५ मिमीपर्यंत मोठं करा. डोक्यासाठी १० मिमी रुंद, साडेतीन मिमी खोल सपाट खड्डा घ्या, खाली अडीच मिमी जाडी उरेल. काउंटरसंकचा जुना उतार १० मिमीपेक्षा रुंद झाला असेल तर नवी प्लेट कापा, तेवढ्याने वाद मिटतो.

मग प्लग काढून कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) सरळ ६ मिमी रॉड धरा, चारही कडांपर्यंत वर्नियरने मोजा, सरकवा, कसा. स्क्रू एम४×१० बहुतेक पुरतो, पण आधी बेसच्या भोकाची खोली मोजा. तळाला टेकला तर घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि प्लेट मात्र हलत राहते.

— नागदेवी गल्ली

---

नागदेवी गल्लीशी सहमत. भर एवढीच: ड्रिल सावकाश चालवा, खाली लाकूड ठेवा, शीटवरचा संरक्षक कागद शेवटी सोला. शीट कास्टच (साच्यात ओतलेलं) मागा, एक्सट्रूडेड (दाबून काढलेलं) वितळून बिटला चिकटतं. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) आणि थिनर लांब ठेवा, ॲक्रिलिकला केसासारख्या चिरा जातात. परत तडकलंच तर हायलम (रेझिनचं कडक शीट) घ्या. एमडीएफ नको, आपल्या पावसाळ्यात फुगतो.

आणि प्लेट जाड झाली म्हणून बिट कोलेटमधून बाहेर ओढून खोली भरून काढू नका. शँक (बिटचा दांडा) निदान २० मिमी आत हवा.

— पटाशी

---

पॅन हेड लावले. चारही बाजूंना पाव मिमीच्या आत आलं. जुना उतार ९ मिमीचाच होता, प्लेट वाचली.

— डोंबिवलीकर