समाचाराला गेल्यावर बोलायचं काय?

प्रश्न: सातारची_लेक

मागच्या गुरुवारी आमच्या मजल्यावरचे काका गेले. आम्ही ठाण्यात नवीनच. अशा प्रसंगी आजवर आई जायची, मी एकटी कधी गेले नव्हते. काकू भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या. खोलीत कुणीच बोलेना, ते मला सहन होईना. म्हणून मी म्हणाले, "फार आजारी होते ना, सुटले म्हणायचं." काकूंनी मान खाली घातली. निघताना सवयीने तोंडातून गेलं, "येते हं काकू." बाजूला बसलेल्या आजींनी चमकून पाहिलं. रात्री आईला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "अगं, अशा घरातून 'येते' म्हणत नाहीत. नुसतं उठायचं."

तेव्हापासून चैन नाही. पुन्हा जाऊन माफी मागू का? आणि तिथे बोलायचं तरी काय?

सुमनमावशी

'येते'चं मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. आमच्याकडेही पाळतात, पण ते कुणाच्या जिव्हारी लागत नाही. 'सुटले' मात्र लागतं. माझे सासरे तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. ते गेले तेव्हा मी स्वतः नवऱ्याला म्हणाले होते, सुटले. तोच शब्द शेजारणीने उच्चारला आणि मला वाटलं, आपण केलेली सेवा हिला ओझं वाटली. तो शब्द घरच्यांनीच म्हणावा.

माफी माग. दोन वाक्यांत, आणि त्यांना तुझी समजूत काढत बसायला लागू नये अशी.

पंढरपूरकर

गप्प बसा, असं सगळे सांगतील. मला ते पटत नाही. माझी बायको एसटीत कंडक्टर होती. ती गेली तेव्हा लोक येऊन पावसाचं, रस्त्याचं बोलायचे. तिचं नाव कुणी काढेना. दहाव्याला तिच्या डेपोतला एक ड्रायव्हर आला. म्हणाला, "ताईंनी सुट्ट्या पैशांवरून कधी म्हाताऱ्या माणसाला गाडीतून उतरवलं नाही." त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर बोललो आणि रडलो.

तुम्हाला काकांचं काही आठवत असेल, तर ते सांगा. कसे गेले, कोणत्या दवाखान्यात, हे मात्र विचारू नका. ते त्यांनी दिवसभरात वीस जणांना सांगितलेलं असतं.

निखिल_पुणे

"काही लागलं तर सांगा" हे नको. कोणी सांगत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यात गेले असतील तर तिथून कळवतात, पण दाखल्यासाठी घरच्यांनाच हेलपाटे पडतात, आणि बँक, विमा, पेन्शन, सगळीकडे त्याची प्रत मागतात. त्यापेक्षा "शनिवारी मला सुट्टी आहे, दाखल्यासाठी पालिकेत जाऊन येऊ का?" असं नेमकं विचारा.

सातारची_लेक

काल पिठलं-भाकरीचा डबा घेऊन गेले. म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी 'सुटले' म्हणाले, चुकलं माझं." त्यांनी नुसता माझा हात धरला. मग मी सांगितलं, की आम्ही राहायला आलो त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि काकांनी आमची कुंडी स्वतः चार जिने वर आणून दिली होती. काकूंना ते माहीतच नव्हतं. "कधी? मला बोलले नाहीत," म्हणाल्या, आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं.

दाखल्याचं त्यांच्या भाच्याने केलंय. निघताना मी काही न बोलता उठले. दाराशी पोचले तेव्हा मागून काकूच म्हणाल्या, "उद्या डबा न्यायला ये."