फक्त हातकुऱ्हाडीने धामणीचं धनुष्य: वरची भुजा एकाच जागी वाकतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नेमकी मदत हवी आहे, म्हणून सगळं तपशिलात लिहिते. धागा लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात आमच्या चंदगडच्या बांधावरची धामण मोडून पडली. आमच्याकडे धामण सहसा चुलीत जात नाही. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी, जिथे लाकडाने वाकून परत सरळ व्हायला हवं तिथे धामण. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात. तेव्हाच ठरवलं की याचं धनुष्य करायचं. आणि करायचं ते फक्त हातकुऱ्हाडीने. रंधा नाही, मरफा (लाकडाची जाड कानस) नाही, पॉलिश पेपर नाही. सोबत फक्त धार लावायचा दगड, कोळसा आणि सुताची दोरी.

हा हट्ट का, तेही सांगते. १९९१ साली आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेजवळ बर्फात एक माणूस सापडला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्याजवळ यू झाडाचं १८२ सेंटीमीटर लांबीचं धनुष्य होतं, म्हणजे त्याच्या उंचीपेक्षाही वीतभर मोठं. ते अर्धवट राहिलेलं आहे आणि त्याच्या अंगावर तासल्याच्या खुणा आजही दिसतात. सोबत कुऱ्हाड होती, जवळजवळ शुद्ध तांब्याची. त्या खुणांचे फोटो मी कितीतरी वेळा मोठे करून पाहिलेत. कुऱ्हाड एकटीने कुठपर्यंत नेते, हे मला स्वतःच्या हाताने पाहायचं आहे.

आता कामाचं. खोड १२ सेंटीमीटर जाडीचं होतं. बाभळीच्या पाचरी ठोकून उभं चिरलं, चार फाके झाले. त्यातला सरळ दोऱ्याचा, म्हणजे लाकडाचे तंतू सरळ धावणारा, एक घेतला, साडेसहा फुटी. टोकांना चिरा पडू नयेत म्हणून मेण लावलं आणि पोटमाळ्यावर ठेवला. सुरुवातीला वजन ५ किलो ६०० होतं, जानेवारीत ४ किलो १००. पुढे तीन आठवडे काटा हलला नाही, तेव्हा वाळलं असं धरलं.

साल सोलून सालीखालचा पृष्ठभाग तसाच ठेवला. ती धनुष्याची पाठ, म्हणजे निशाण्याकडची बाजू. तिला कुऱ्हाड लावलेली नाही. सगळं तासकाम पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने, आणि कडांना. लांबी ६८ इंच. मूठ ४ इंच, न वाकणारी; तिच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे भुजा. मुठीजवळ रुंदी पावणेदोन इंच, टोकाला अर्धा. १५ किलोचा ताण २६ इंच ओढीला मिळावा असा बेत होता.

अडचण अशी. भिंतीत खुंटी ठोकून त्यावर मूठ ठेवली, टोकांना सैल दोरी बांधली आणि ताणकाटा लावून खाली ओढत वाक पाहिला. खालची भुजा छान गोल येते. वरची मात्र मुठीपासून १० इंचांवर मोडल्यासारखी कोन करते आणि तिथून टोकापर्यंत काठी सरळच राहते. त्या कोनाच्या बाजूलाच पेन्सिलीएवढी एक गाठ आहे. काल १८ इंच ओढलं तेव्हा काटा १७ किलो दाखवत होता. सोडल्यावर पाहिलं तर पोटाच्या बाजूला, नेमक्या त्याच जागी, तीन बारीक आडव्या रेषा. केसाएवढ्या. नख फिरवलं की अडकतं. शिवाय वरची भुजा आता दोरी काढल्यावरही दोन इंच वाकलेलीच राहते.

माझे प्रश्न:

रेषा म्हणजे धनुष्य गेलंच का? कुऱ्हाडीने कागदासारखी पातळ ढलपी कशी काढायची? माझी प्रत्येक वेळी जाड निघते. गाठीचं काय करू? आणि टोकाला दोरीसाठी खाच कुऱ्हाडीनेच पाडता येते का?

बांधावरची छाटणी मीच करते, त्यामुळे कुऱ्हाड हाताला नवी नाही. शिकारीशी संबंध नाही, गवताच्या पेंढीवर बाण सोडायचे आहेत. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. धनुष्य कधी केलं नाही, पण तासणं माहीत आहे, तेवढंच सांगतो.

ढलपी जाड निघते कारण तुम्ही दांड्याच्या टोकाला धरत असणार. बारीक कामाला कुऱ्हाड पात्याच्या अगदी खाली धरायची, तर्जनी पात्याच्या कुशीला टेकलेली. हात मनगटातून हलवायचा, खांद्यातून नाही. पात्याला वजन आहे, ते आपसूक पडतं, आपण फक्त वाट दाखवायची. खाली लाकडी ठोकळा हवा. दगडावर किंवा जमिनीवर काम करू नका, एक घाव चुकला की धार गेली.

मोठं लाकूड काढताना आधी बोट-बोट अंतरावर तिरप्या खाचा मारत जा, मग त्या खाचांमधला भाग आडव्या पात्याने उडवा. अशाने चीर दोऱ्याबरोबर धावत आत घुसत नाही, पुढच्या खाचेपाशी थांबते. हे तुम्ही केलं असेलच. पण दिशा? मुठीकडून टोकाकडे तासायचं, जाडीकडून पातळाकडे. उलट गेलात की पातं दोऱ्याच्या पोटात शिरतं आणि खड्डा पडतो. मला शंका आहे की तुमची ती १० इंचांवरची जागा अशाच एका घावाची आहे. गाठीच्या आजूबाजूला दोरा वळतो, तिथे हे हमखास होतं.

आणि शेवटचं काम तासून होत नाही, खरवडून होतं. कुऱ्हाड दोन्ही हातांनी पात्यालाच धरा, धार लाकडावर उभी, काटकोनात, आणि अंगाकडे ओढा. धार खरी असेल तर भुसा पडत नाही, कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघतात. भुसा पडायला लागला की थांबून दगडावर घासा. मी दर पंधरा मिनिटांनी घासतो.

प्रतिसाद २

मी धडगाव भागात सहा वर्षं शिक्षक होतो. तिथल्या भिल्ल वस्त्यांवर बांबूचे कमठे, म्हणजे धनुष्यं, होताना पाहिलेत. दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची, सुताची नाही. धामणीचं तंत्र वेगळं असणार, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या बाबांकडे मी बसायचो ते डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघायचे. कमठा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून मुठीपासून टोकापर्यंत सरकवत न्यायचे, डोळे मिटून. चिमूट मिटत जायला हवी, मध्येच उघडता कामा नये. जिथे उघडली तिथे जाड, जिथे एकदम मिटली तिथे पातळ. एका बैठकीत चाळीस-पन्नास वेळा हे चालायचं आणि मधे कोयत्याचे दोन-चार हात. ताई, तुम्ही एकदा डोळे मिटून करून पाहा.

प्रतिसाद ३

गेली काही वर्षं लाकडी धनुष्यं करतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. आधी ओढणं थांबवा.

त्या रेषा म्हणजे पोटाकडचे तंतू चिरडले गेले आहेत. धनुष्य वाकतं तेव्हा पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. सगळा वाक एकाच जागी आला की तिथलं पोट सहन करत नाही. चिरडलेला तंतू परत उभा राहत नाही. वरून दोरा गुंडाळून किंवा गोंद लावून तो भाग बलवान होत नाही.

तुमची चूक कुऱ्हाडीची नाही, ओढण्याची आहे. १५ किलोचं धनुष्य करायचं ठरवलं तर काटा १५ च्या पुढे कधीच जाऊ द्यायचा नाही, मग ओढ ८ इंच असो की १८. वाक सारखा नसताना तर त्याच्या निम्म्यावरही नको. कुठेही लाकूड काढलं की आधी थोडं-थोडं २५-३० वेळा ओढायचं, मगच वाक बघायचा. लाकूड काढल्याचा परिणाम लगेच दिसत नाही.

जाडीचा हिशोब ध्यानात ठेवा. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्केच कमी होतो. जाडी दहा टक्के कमी केली तर सत्तावीस टक्के जातो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणून एका चुकीच्या घावाने एवढा कोन पडतो.

वाचवायचं असेल तर एकच वाट आहे: त्या जागेला हात लावू नका. वरच्या भुजेचा बाकीचा भाग, विशेषतः कोनाच्या पुढचा टोकाकडचा, खरवडत त्या जागेच्या पातळीवर आणा. मग खालची भुजा वरचीशी जुळवा. ताण निम्मा होईल, ८-९ किलो. १५ किलोचं स्वप्न या लाकडात आता नाही.

गाठ असेल तिथे लाकूड मुद्दाम थोडं जास्त ठेवायचं असतं, सपाट करायचं नसतं.

आणखी एक विचारतो. वजन कुठल्या काट्यावर केलं? दोन इंच वाक एवढ्या लवकर राहतो तो बहुतेक ओल्या लाकडात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार.

प्रतिसाद ३ मधल्या दादांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. फाका मी बाजारहाटीच्या टांगत्या काट्यावर तोलत होते आणि तो ५० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. कालच स्वयंपाकघरातल्या काट्यावर धनुष्य ठेवलं: ९१२ ग्रॅम. रोज सकाळी तोलून सांगते. तोवर कुऱ्हाड फक्त दगडावर.

प्रतिसाद १ मधल्या काकांना: तुमची शंका बरोबर आहे. गाठीपाशी ढलपी अडत होती म्हणून मी धनुष्य फिरवून टोकाकडून मुठीकडे घाव घातला होता. तो घाव मला आठवतो. पातं आत गेल्याचा आवाजच वेगळा होता, कोरडा, खालच्या पट्टीतला.

धागाकर्तीचा प्रतिसाद (अकरा दिवसांनी)

९१२ वरून ८६८ वर येऊन चार दिवस स्थिर आहे. म्हणजे ४४ ग्रॅम पाणी अजून आत होतं आणि मी त्यावर १७ किलो ओढले. पुढच्या फाक्यासाठी शिकले: आधी ओबडधोबड तासून बारीक करायचं, मग परत वाळवायचं, आणि काटा ग्रॅमचाच.

परवापासून काम सुरू केलं. आधी चिमटीत धरून पाहिलं. डोळे उघडे असताना मला वरची भुजा एकसारखी दिसत होती. डोळे मिटल्यावर १० इंचांवर चिमूट अशी मिटली, जसं जात्याच्या दगडात बोट घसरावं. त्याच्या पुढे लगेच उघडते, चांगली वीतभर. तो सगळा भाग खरवडायचा होता.

कुऱ्हाड उभी धरून ओढल्यावर पहिल्यांदा पापुद्रा निघाला तो तीन बोटं लांब होता, पिवळसर, आणि उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसत होती. त्या एका पापुद्र्याने मला आठ महिन्यांतलं सगळ्यात मोठं समाधान दिलं. दोन दिवसांत वाटीभर जमले. दर वेळी ३० हलक्या ओढी, मग वाक, मग कोळशाने खूण. ८ किलोच्या पुढे काटा जाऊ दिला नाही.

आज वरची भुजा २० इंच ओढीला गोल येते. कोन पूर्ण गेला नाही, पण शोधल्याशिवाय दिसत नाही. तीन रेषा तशाच आहेत, वाढलेल्या नाहीत, चौथी आलेली नाही. खालच्या भुजेचे अजून दोन दिवस जातील. काढल्यावर उरणारा वाक दीड इंच.

खाचेबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही.

प्रतिसाद ३

खूप छान काम. एवढा धीर कमी लोक धरतात.

खाच कुऱ्हाडीच्या पात्याच्या कोपऱ्याने पाडता येते, फक्त कडांना, पाठीवर कधीही नाही. पाठीचा दोरा तुटला की तिथून फाटतं. टोक अर्ध्या इंचाचं असेल तर खाच न पाडलेलीच बरी. टोकाखाली सुताचे घट्ट वेढे देऊन गाठीसारखा उंचवटा करा, दोरीचा फास त्यावर बसतो. २४ इंचांपुढे ओढू नका. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही. बाणात जायची ताकद धनुष्यातच फिरते आणि मोडतं.

प्रतिसाद १

दोरी कशाची लावताय? घायपाताची करत असाल तर ती खरखरीत राहते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काका, दोरी त्याच झाडाच्या सालीची. धामणीच्या आतल्या सालीचा वाख निघतो. गेल्या मे महिन्यात सोललेली खोडाच्या वरच्या भागाची साल पंधरा दिवस ओढ्यात दगडाखाली ठेवली होती, मग धुऊन वाळवून ठेवलेली आहे. तीन पदरी वळतेय. ऐकलंय की दोरीचं बळ ताणाच्या निदान चौपट हवं, म्हणजे ९ किलोला ३६. वळून झाली की तुळईला बांधून ५० किलोचं पोतं टांगणार आहे. रात्रभर टिकलं तर धनुष्याला चढवेन आणि इथे लिहीन.

पदर उजवीकडे पिळून डावीकडे वळायचे की उलट, याने फरक पडतो का? माझे पहिले दोन हात लांब झाल्यावर उलगडतात.