तैयब मेहतांचं 'फॉलिंग फिगर' बघताना एवढं अस्वस्थ का व्हायला होतं?

गिरगावची_मी
तैयब मेहतांची चित्रं आत्तापर्यंत मोबाइलवरच बघितली होती. परवा एका प्रदर्शनात त्यांच्या नंतरच्या काळातलं पडणाऱ्या माणसाचं चित्र समोर आलं आणि तिथून हलवेचना. रक्त नाही, जाळपोळ नाही, नुसते दोन-चार सपाट रंग आणि हातपाय वेडेवाकडे झालेला एक माणूस, तरी पोटात गोळा आला. फाळणीच्या दंगलीत त्यांनी काहीतरी भयंकर बघितलं होतं एवढं ऐकून आहे, पण ते माहीत नसतं तरी मला असंच झालं असतं का? चित्रातच असं नेमकं काय आहे? कोणीतरी नीट उलगडून सांगा ना.

जेजे_माजी
झालंच असतं, कारण चित्रातच आहे सगळं. आधी जमीन शोधा, नाहीचे. माणूस कुठून सुटला, कुठे आपटणार, काहीच दिलेलं नाही त्यामुळे ते पडणं संपतच नाही. मग हातपाय बघा, हा हात कुठल्या खांद्याचा, हा पाय पुढचा की मागचा हे लावायला जाता आणि डोळा अडकतो, सुटतच नाही.

आणि रंग. 1965 च्या 'फॉलिंग फिगर'मध्ये रंग जाडजूड थरांचा होता, त्याला 1968 मध्ये दिल्लीच्या पहिल्या त्रिनालेत (दर तीन वर्षांनी भरवायचं मोठं कलाप्रदर्शन) सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी ते फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, तिथे बार्नेट न्यूमन ह्या अमेरिकन अमूर्त चित्रकाराचं काम प्रत्यक्ष बघितलं आणि मग ब्रशचा फटकाही दिसणार नाही असे सपाट रंग आले, अख्खा कॅनव्हास तिरका चिरत जाणारी ती रेघ आली. आता गंमत अशी की रंग सपाट झाला तशी मागची हवाच गेली, तो माणूस पडतोय पण पडायला जागाच नाही, रंगात चिणल्यासारखा वाटतो. तोंड किंचाळतंय आणि बाहेरची रेषा मात्र एकसारखी, जराही न थरथरलेली. माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास होतो तो ह्या रेषेचा. तीही थरथरली असती तर आपल्याला मोकळं तरी वाटलं असतं.

भेंडीबाजार_ते_बोरिवली
वरचं पटलं पण इतिहास बाजूला ठेवून चालणार नाही. 1947 ला ते 22 वर्षांचे, राहायला मोहम्मद अली रोडवर. खिडकीतून खाली बघताना जमावाने एका तरुणाला भर रस्त्यात ठार मारलेलं त्यांनी बघितलं. नंतर कित्येक दिवस तापाने फणफणले होते आणि ते दृश्य आयुष्यभर डोक्यातून गेलं नाही असं त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय.

आता चित्र पुन्हा बघा. जमाव कुठाय? मारणारा एकही माणूस नाही, दगड नाही, रस्ता नाही. पिकासोच्या बॉम्बहल्ल्यावरच्या 'गेर्निका' चित्रातही बॉम्ब टाकणारं विमान नाहीये, पण तिथे निदान बाया आहेत, घोडा आहे, सगळे मिळून आकांत करतायत. इथे पडणारा एकटा आणि त्याच्यासमोर आपण, म्हणजे खिडकीतल्या माणसाची जागा आपल्याला दिलीय, बघायचं पण करता काही येत नाही. दंगल बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. 92-93 ला आमच्या घरातल्या मोठ्यांनी जे बघितलं त्याबद्दल ते अजून बोलत नाहीत, हे चित्र मी आईला दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, बंद कर ते.

गिरगावची_मी
बापरे. जमाव नाहीये हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता दुसरं काही दिसतच नाहीये. पण मग त्यांचे ते बांधलेले बैल? तेही ह्यातूनच आलेत का?

जेजे_माजी
हो, मला तर एकच धागा वाटतो. 'ट्रस्ड बुल' 1956 चं. वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाऊन ते बैलांची स्केचेस करायचे. एवढं ताकदवान जनावर, त्याचे पाय बांधून आडवं पाडायचं, सगळी ताकद आतच कोंडलेली. माणूस पडतोय त्याला आधार नाही, बैल पडलाय त्याला सुटका नाही. 2025 मध्ये लिलावात हे चित्र 61.8 कोटींना गेलं तेव्हा सगळीकडे फक्त आकड्याचीच चर्चा, त्या बैलाच्या मानेबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही, वाईट वाटलं खरंच.

रीळ_आणि_रंग
ह्यात त्यांची 'कूडल' फिल्म पण बघा, 1970 ची, फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली, साधारण 16 मिनिटांची. आधी काही काळ त्यांनी फिल्म एडिटिंगचं काम केलेलं होतं ते कळतं. वांद्र्याच्या कत्तलखान्यातला बैल त्यात खराखुरा आहे त्यामुळे बघायला जड जाते, जेवणाआधी लावू नका. पण ती बघून परत चित्राकडे गेलात तर त्यांनी काय काय गाळलंय ते एकेक करून दिसायला लागेल.