विहिरीवरच्या स्टार्टर पेटीत आर्मर्ड केबलमधून पाणी येतंय, ग्लँड बदलू का?

शेतपंप: मीटरच्या खांबापासून विहिरीवरच्या पेटीपर्यंत ४ कोर (आतल्या चार तारा) १० चौ.मि.मी. ॲल्युमिनियम, पट्टी-आर्मरची (धातूच्या पट्ट्यांचं कवच असलेली) केबल जमिनीतून टाकली आहे. पेटी पत्र्याची, ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणारा भाग) पितळी सिंगल कॉम्प्रेशन, खालून घेतलेली. तरी पावसात पेटीत पाणी साठतं. नट आवळून, बाहेरून सिलिकॉन लावूनही थेंब थांबत नाही. खांब उंचावर आहे, विहीर उताराला. काय करावं?

पॅनल_वायरमन: भाऊ, पाणी पेटीपाशी शिरत नाही, खांबाकडून येतंय. तिथलं टोक उघडं असेल तर पावसाचं पाणी आर्मरच्या पट्ट्यांमधून उताराने वाहत येतं. सिंगल कॉम्प्रेशनचं एकच रबर बाहेरची शीथ (आवरण) धरतं; आतून आलेलं पाणी अडवायला त्यात काही नसतं. दोन्ही टोकांना डबल कॉम्प्रेशन (बाहेरच्या आणि आतल्या शीथला वेगळं रबर असलेली) बसवा, तीही निकेल प्लेटिंगची. साईज केबलच्या चौ.मि.मी.वरून मागू नका. व्हर्नियरने बाहेरचा, आर्मरखालचा असे दोन्ही व्यास मोजून कंपनीच्या तक्त्यात बघा. सैल ग्लँडमध्ये टेप गुंडाळून भर घालणं म्हणजे पाण्याला वाट ठेवणं.

बसवताना केबलवर आधी श्राउड (ग्लँडवर चढणारी टोपी), मग बाहेरचा नट, बाहेरचं रबर, मधला नट आणि कोनाची (शंकूच्या आकाराच्या भागाची) रिंग ओवा. श्राउड विसरलात तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. बाहेरची शीथ सोला. पट्ट्या कोनाच्या उताराएवढ्याच ठेवा. हॅकसॉने अर्ध्या जाडीपर्यंत खाच पाडायची आणि वरखाली वाकवून तोडायची. आरपार कापायला गेलात तर पातं आतल्या शीथमध्ये घुसतं.

खरी चूक इथेच होते: पट्ट्यांबरोबर आतली शीथही तिथेच कापतात. मग आतलं रबर नुसत्या कोरांच्या जुडग्यावर बसतं आणि कोरांमधल्या फटी उघड्याच राहतात. आतली शीथ रबरातून पार होऊन पेटीत निदान १० मि.मी. दिसली पाहिजे.

कोन पट्ट्यांखाली सरकवा, पट्ट्या एकावर एक न चढता सारख्या पसरवा, वर रिंग आणा. आतलं रबर आणि बॉडी लावून मधला नट आवळा, शेवटी बाहेरचा. बॉडी दुसऱ्या पान्याने धरूनच आवळा, नाहीतर केबल पिळली जाते.

अर्थिंगवाला: वरच्या उत्तरात अर्थिंग राहिलं, आणि जिवाशी गाठ तिथेच आहे. पेटीच्या भोकाभोवतीचा रंग खरवडून धातू उघडा करा, अर्थ टॅग (ग्लँडभोवती बसणारी धातूची चकती) घाला, मग चेकनट (ग्लँड पेटीला घट्ट धरणारा नट) आवळा. टॅगवरून हिरवी वायर थेट अर्थ बोल्टला न्या. खांबावरची पेटी प्लास्टिकची किंवा एसएमसीची (फायबरच्या प्लास्टिकची) असेल तर टॅगशिवाय आर्मर अर्थ होतच नाही. केबलला कुदळ लागली की आर्मर जिवंत होतो (त्यात वीज उतरते) आणि फ्यूज उडेलच असं नाही.

सिलिकॉन काढून टाका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पितळ-तांब्याला खातं.

शेतपंप: धन्यवाद. टोक पुन्हा कापायला केबल पुरेल का? पेटीबाहेर साधारण दीड फूट जादा आहे.

पॅनल_वायरमन: पुरेल, पण वाक ताणू नका. आर्मर्ड मल्टिकोरला वाकाची त्रिज्या व्यासाच्या १२ पट लागते, २० मि.मी. केबलला २४ सें.मी. ग्लँडखाली थोडा भाग सरळ ठेवा, वाक ग्लँडलाच सुरू झाला तर बाहेरचं रबर एका बाजूला उघडतं. भिजलेलं टोक काळं पडलेलं असेल तर कोरी तार लागेपर्यंत मागे कापा. स्टार्टरची टर्मिनलं पितळी असतील तर बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं जोडणीचं टोक) वापरा.

जोडण्याआधी दोन्ही टोकं मोकळी ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) प्रत्येक कोर ते आर्मर आणि कोर ते कोर तपासा. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर चालू करू नका. आणि खांबाकडची ग्लँड आधी बसवा, तोवर त्या टोकाला कॅप घालून ठेवा.