बालाघाटावरच्या पवनचक्क्या: हव्यात की नकोत?

माळकरी, भूम
आमच्या ग्रामसभेत पवनचक्कीवरून दोन तट पडलेत, म्हणून इथं विषय काढतोय. माझं मत: यायला पाहिजेत. 2015 मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. कोळशाची वीज म्हणजे वाफेला पाणी, ती थंड करायलाही पाणी. वाऱ्याला थेंब लागत नाही. आषाढात आमच्या बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर छत्री धरवत नाही. तो वारा फुकट का घालवायचा?

तालीवरचा, वाशी
भाऊ, वाऱ्याशी भांडण नाही. माझ्या बांधाला लागून चक्की उभी राहिली तेव्हा काय झालं ते ऐका. पात्याच्या गाडीला वळण बसेना, म्हणून माझ्या आज्यानं घातलेली ताल, म्हणजे माती-पाणी अडवणारा बांध, फोडली. मुरूम टाकून रस्ता उंच केला. पाऊस आल्यावर पाणी रस्त्याला अडून माझ्या वावरात तुंबलं आणि दीड एकर सोयाबीन पिवळं पडलं. ठिबकची मेन लाईन क्रेनखाली चेंगरली. "सगळं होतं तसं करून देऊ" म्हणणारा दलाल नंतर फोन उचलेना. ज्याच्या जमिनीत चक्की आहे त्याला पैसे मिळाले. माझं फक्त नुकसान झालं, माझ्याशी तर करारच नव्हता. आता सांगा, मी कशासाठी हो म्हणू?

तारतंत्री, धाराशिव
तुमचं नुकसान खरं आहे, पण तो दोष काम करणाऱ्यांचा. वीज म्हणून बघितलं तर वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. म्हणून कंपन्या खालचं रान सोडून डोंगरमाथा धरतात.

तालीवरचा, वाशी
मग हेही सांगा की हा वारा जोरात असतो जून ते सप्टेंबर. तेव्हा आमच्या मोटारी बंद असतात! हरभऱ्याला, ज्वारीला पाणी द्यायचं तेव्हा वारा पडलेला आणि आम्ही रात्री दोनला बॅटरी घेऊन दंडावर. चक्की दारात आणि अंधारही दारात, हे कसं सोसायचं?

तारतंत्री, धाराशिव
मुद्दा बरोबर आहे, एकट्या वाऱ्यावर भागत नाही. पण रब्बीत आभाळ निरभ्र असतं. दिवसा मोटारींना सौर वीज मिळावी म्हणूनच 2017 पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज कमी पडते, तेव्हा वारा असतो. दोन्ही लागतात. आणि चक्कीची वीज उपकेंद्रातून ग्रीडला, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वीजजाळ्याला जाते, ती गावाला वेगळी मिळत नाही. तसं आश्वासन कुणी दिलं असेल तर ते खोटं आहे.

मयूरी, पाटोदा
माझा विरोध आहे. आमच्या तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. पहाटे मोर माळावर उतरतात. त्यांच्या वाटेत तारा आणि फिरती पाती नकोत. शिवाय दिवस कलला की पात्यांची सावली आमच्या ओसरीवरून सपसप फिरते. सासूबाई त्या वेळी डोळ्यांवर पदर घेऊन बसतात. घरापासून लांब उभी करा, एवढं मागणं जास्त आहे का?

माळकरी, भूम
ताई, अजिबात जास्त नाही. मी अजूनही चक्कीच्या बाजूनंच आहे, पण ग्रामसभेत आता अटी मांडणार: जमीन विकत नाही, भाड्यानं, आणि भाडं दरसाल वाढतं. ताल, पाईप, रस्ता यांची भरपाई शेजाऱ्यालाही, काम सुरू होण्याआधी लिहून. करार मराठीत आणि नोंदणीकृत.

तालीवरचा, वाशी
शेजाऱ्याचं कलम घातलंत तर मसुदा इथं टाका. फोडलेल्या तालीचे फोटो माझ्याकडं आहेत, तुमच्या सभेला घेऊन येतो.